पाठ टेकली की नाही?

कुस्तीचा निकाल कोण देतो? प्रश्न वरवर अगदी खुळचट वाटेल. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, ज्याने लावली तो जिंकला; मग निकाल 'देण्याचा' प्रश्न येतोच कुठे? आमच्या चांदवड परिसरात गावोगावच्या जत्रेतल्या दंगली पाहत जी पिढी वाढली, त्या माझ्या पिढीला तरी असेच वाटत आले. पण सत्तरी ओलांडल्यावर, फावल्या वेळात जुनी कात्रणे चाळताना मला वाटू लागले आहे की गेल्या शंभर वर्षांतला कुस्तीचा इतिहास म्हणजे निम्माशिम्मा या एका प्रश्नाचाच इतिहास आहे.

निमित्त झाले ते नातवाचे. तो पुण्यात शिकतो. त्याला कुस्तीपेक्षा त्या 'एमएमए'चे वेड जास्त. जाळीच्या पिंजऱ्यात दोघे उतरतात. ठोसे, लाथा, कुस्तीचे डाव, मान आवळणे, सगळे चालते. हा प्रकार मला मनापासून आवडतो असे नाही. पण त्याच्या वसतिगृहात एका जुन्या लढतीवरून दोन तट पडले होते आणि "आजोबा, तुम्ही इतकी वर्षं वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षक होता, तुम्हीच सांगा" असा फोन आला. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी जत्रेतल्या दंगलीकडे वळू. पोरासोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांनी सुरुवात, मग नारळाच्या, मग पाच-दहा रुपयांच्या, आणि दिवस मावळता मावळता मानाची कुस्ती. हलगी कडाडायची. फेटेवाले पंच आखाड्यात फिरायचे. हे पंच म्हणजे गावातले उतारवयाचे पैलवान किंवा मान असलेली मंडळी. त्यांचे मुख्य काम जोड लावण्याचे. कोणाशी कोण लढेल, वजनाने-वयाने जुळते का, एवढे त्यांनी पाहायचे. एकदा सलामी झाली, खडाखडी सुरू झाली की पंचाला फारसे काम उरत नसे. कोणी डोळ्यात माती घातली, बोट मुरगाळले तर आवाज द्यायचा. चितपट झाली तर विजयी पैलवानाचा हात वर करायचा, तोवर लोक आखाड्यात घुसलेलेच असत. आणि घटका-दोन घटका लढूनही कोणाची पाठ लागली नाही तर? तर कुस्ती 'सोडवायची'. बिदागी निम्मी-निम्मी. दोघांपैकी कोण वरचढ होता यावर घरी जाताना बैलगाडीत खुशाल वाद घाला, पण पंचाने ते सांगावे अशी अपेक्षाच नसे.

हे ऐकायला फार छान वाटते. तसे ते नव्हते. निकाल फक्त पाठीवर अवलंबून असला की कमकुवत गड्याला एक सोपी वाट सापडते : पोटावर पालथे पडायचे आणि दिवस मावळण्याची वाट पाहायची. शिवाय आतून ठरवून केलेली नुरा कुस्ती होतीच. लोकांना ती लगेच कळायची आणि मग पंचांचीही धडगत नसे.

पालथे पडण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आपल्याकडचे नाही, पण आपल्या मल्लाशी संबंधित आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची लढत झाली. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतले. त्यानंतर तो अगडबंब गडी जमिनीला जो चिकटला तो जवळजवळ सव्वादोन-अडीच तास उठायला तयार नाही. गामा प्रयत्न करून थकला, पण पाठ काही लागेना. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली आणि आठवड्याने पुन्हा लढण्याचे ठरले. ठरल्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. गामाला विजयी घोषित केले. पुढे १९२८ साली पतियाळ्यात दोघांची पुन्हा गाठ पडली आणि गामाने मिनिटभराच्या आत त्याला अस्मान दाखवले.

लंडनच्या त्या अडीच तासांत कोण वरचढ होता हे एखादे शेंबडे पोरही सांगेल. आजच्या नियमाने गुण दिले असते तर गामा कधीच जिंकला असता. म्हणजे गुणांची पद्धत आली ती उगीच नाही, तिच्यामागे एक न्यायाची गरज होती. दुसरी गरज व्यवहाराची. जत्रेत एक जोड दुसऱ्या जोडीवर अवलंबून नसते. स्पर्धेत असते. उपांत्य फेरी बरोबरीत सुटली तर अंतिम फेरीत पाठवायचे कोणाला? महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली स्थापन झाली, १९६१ मध्ये औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) पहिला महाराष्ट्र केसरी ठरला. गदा एक, तिचा मानकरी एक. बरोबरी सोडवण्याची जुनी मुभा तिथे संपली आणि पंचाच्या हातात ती सत्ता आली जी जत्रेतल्या फेटेवाल्याकडे कधीच नव्हती.

त्या सत्तेचे मोल किती, हे आपल्याला खाशाबा जाधवांनी दाखवून दिले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला होता. १९५२ च्या हेलसिंकीसाठी निवड व्हायची होती. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, असा त्यांचा आरोप होता. एक गुण! त्यावर संघातले नाव गेले. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून घरी बसला असता. खाशाबांनी पतियाळ्याच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी काय करावे? चौकशी समिती नेमली नाही, पंचांना बडतर्फ केले नाही. पुन्हा जोड लावली. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले आणि वाद तिथेच मिटला.

पुढचे सर्वांना माहीत आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि २३ जुलै १९५२ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, कांस्य का होईना, खाशाबांनी मिळवले. त्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले. मद्रासचा तो एक गुण तसाच राहिला असता तर आपण चव्वेचाळीस नव्हे, आणखी किती वर्षे हात हलवत परत आलो असतो कोण जाणे.

हेलसिंकीतही नियम आडवे आलेच. एका लांबलेल्या लढतीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला उभे केले. दोन लढतींत किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी, असा नियम होता. पण तो बजावून सांगायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. नियम पुस्तकात होता, त्याच्या बाजूने बोलणारे तोंड नव्हते. मला खाशाबांच्या कहाणीतला हा भाग पहिल्या भागापेक्षा जास्त टोचतो.

आता गुण म्हणजे काय, ते थोडे पाहू. (ज्यांना हे पाठ आहे त्यांनी एक परिच्छेद गाळावा.) आजच्या फ्रीस्टाइल कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर काढले तर एक गुण, खाली घेऊन ताबा मिळवला तर दोन, उभ्यावरून थेट धोकादायक स्थितीत टाकले तर चार, आणि फारच उंच, देखणी फेक असेल तर पाच. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. दोघांचे गुण सारखे झाले तरी एक जिंकतोच : आधी मोठ्या गुणांचा डाव कोणाचा ते पाहायचे, मग ताकिदी कोणाला कमी, आणि तेही सारखे असेल तर शेवटचा गुण कोणी घेतला. 'धोकादायक स्थिती' म्हणजे पाठ गादीकडे वळून तिच्याशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोन करते ती. पंच तीन, दोघांचे एकमत झाले की गुण पक्का.

नव्वद अंश! भूमितीच्या तासाला कोनमापक हातात असूनही मुले पाच-पाच अंशांनी चुकत. इथे शंभर-सव्वाशे किलोचे दोन देह निमिषार्धात फिरतात आणि पंचाने तो कोन डोळ्याने मोजायचा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या महाराष्ट्र केसरीत नेमके हेच झाले. सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड. महेंद्रने बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले, कुस्ती तिथे फिरली. सिकंदरच्या बाजूचे म्हणणे असे, की तो धोकादायक स्थितीत गेलाच नाही, मग चार गुण कशाचे? संयोजक निर्णयावर ठाम राहिले. ती चित्रफीत महाराष्ट्राने हजारदा पाहिली असेल. मीही पाहिली, थांबवून थांबवून पाहिली. आणि सांगतो, एका बाजूच्या कॅमेऱ्यातून चार वाटतात, दुसऱ्या बाजूने दोन. त्या वर्षी गदा शिवराज राक्षे यांनी महेंद्रला हरवून नेली. सिकंदरने नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला राक्षे यांनाच हरवून ती मिळवली, तीही अर्ध्या मिनिटाच्या आत. म्हणजे त्याचा प्रश्न पुन्हा जोड लागल्यावरच सुटला.

राक्षे यांच्या नशिबी मात्र २ फेब्रुवारी २०२५ ची अहिल्यानगरची संध्याकाळ होती. पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्ध गादी विभागाची लढत. पंचांनी मोहोळ यांना चितपट विजयी घोषित केले. राक्षे यांचे म्हणणे, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, पुन्हा पाहा. ते मान्य झाले नाही. संताप पंचांची कॉलर धरण्यापर्यंत आणि लाथ मारण्यापर्यंत गेला. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड पंचांच्या निर्णयावर रागावून शेवटची काही सेकंदे उरली असताना गादी सोडून निघून गेले. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाले. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

लाथेचे समर्थन होऊच शकत नाही. पंचावर हात उचलणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण जरा विचार करा, पैलवानाचे आयुष्य केवढे असते? पंचविशीतली तीन वर्षे म्हणजे शिक्षकाची पंधरा. गदेबरोबर काय काय येते तेही पाहा : नरसिंग यादव, विजय चौधरी यांच्यासारखे तीन वेळचे महाराष्ट्र केसरी पोलीस उपअधीक्षक झाले. शेतकऱ्याच्या पोराला याहून मोठी झेप कुठली? आणि ती झेप दोन की चार, टेकले की नाही, यावर. अहिल्यानगरच्या वादानंतर चंद्रहार पाटील यांनी, २००९ मध्ये तिसऱ्या गदेच्या वेळी आपल्यावरही अन्याय झाला होता असे सांगून, आपल्या दोन्ही गदा परत करण्याची भाषा केली. सोळा वर्षे झाली होती! हरण्याचे दुःख माणूस विसरतो, हरवल्याचे विसरत नाही.

बरे, माणसावर भरवसा नको म्हणून यंत्र किंवा दैव आणून पाहिले, त्याचेही हसे झाले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने कोरियाच्या पार्क सी-हुनला मोजून ८६ ठोसे मारले, ३२ खाल्ले आणि तरी ३-२ असा हरला. मग मुष्टियुद्धात बटणे दाबून गुण मोजणारे यंत्र आले. पण बटणावरचे बोट माणसाचेच! ती पद्धतही २०१३ मध्ये गुंडाळली. कुस्तीत तर काही वर्षे याहून मौज होती. दोन मिनिटांचा डाव शून्य-शून्य सुटला तर पिशवीतून रंगीत चेंडू काढायचा. ज्याचा रंग निघेल त्याने प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून सुरुवात करायची. पाय हातात मिळालेला मल्ल बहुधा जिंकणारच. चार वर्षांची मेहनत सोडतीवर! फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिकमधून कुस्तीच वगळण्याची शिफारस झाली, तेव्हा कुठे धाबे दणाणले आणि हे नियम बदलले.

नातवाची लढत १६ नोव्हेंबर २०१३ ची, लास व्हेगासची. जॉर्ज सेंट पिएर हा विजेता, जॉनी हेंड्रिक्स आव्हानवीर. पाच-पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या. तीन परीक्षक तीन बाजूंना बसतात, आपसात बोलत नाहीत, प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला बहुधा नऊ गुण. लढत संपली तेव्हा सेंट पिएरचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. दोन परीक्षकांनी त्याला ४८-४७ असे जिंकवले, तिसऱ्याने हेंड्रिक्सला ४८-४७. सगळा फरक पहिल्या फेरीचा. हॉस्टेलातली पोरे हिरीरीने भांडत होती, की इतका मार खाल्लेला माणूस जिंकतो कसा?

जिंकतो, कारण मार किती खाल्ला हे एकत्र मोजायचेच नाही, असे आधी ठरले आहे. तीन फेऱ्या केसभराने जिंकणारा आणि दोन फेऱ्यांत ढोरासारखा मार खाणारा, हा त्या नियमाने विजेता. जपानमध्ये २००७ पर्यंत 'प्राइड' नावाची स्पर्धा होती, तिथे फेऱ्यांचे गुण न देता पूर्ण लढत एक धरून निकाल देत. तिथे कदाचित हेंड्रिक्स जिंकला असता. लढत तीच, माणसे तीच. मग परीक्षकांना शिव्या घालून उपयोग काय?

हे मी वक्तृत्व स्पर्धांत पुष्कळ पाहिले आहे. एक मुलगी सभाधीट, आवाज खणखणीत. दुसरा मुलगा अडखळत बोलतो पण विषयाचा गाभा त्यालाच कळलेला. निकालानंतर पालक परीक्षकांना घेरतात. खरे तर निकाल आठवडाभर आधी मुख्याध्यापकांच्या खोलीत लागलेला असतो, गुणपत्रिकेत 'सादरीकरण' वीस आणि 'विषयाची मांडणी' दहा असे रकाने आखले तेव्हाच. त्या बैठकीला पालक नसतात, आणि कोणाला त्यात रसही नसतो. अटीतटीच्या सामन्यात परीक्षक फार थोडे ठरवतो. रकाने आखणारा ठरवतो.

म्हणून माझे मत विचाराल तर असे. रकाने आधी आखा आणि सर्वांना दाखवा. मैदानातल्या दहा हजार माणसांपैकी किती जणांना तो नव्वद अंशांचा नियम ठाऊक होता? लढतीआधी पाच मिनिटे ध्वनिक्षेपकावरून सांगायला काय हरकत आहे. पुढाऱ्यांच्या सत्काराला तासभर मिळतोच की! दुसरे म्हणजे दाद मागण्याची सोय जागच्या जागी हवी. आंतरराष्ट्रीय कुस्तीत प्रशिक्षक एक मऊ ठोकळा गादीवर टाकतो, की पंच चित्रफीत पाहतात. दाद चुकीची ठरली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण जातो, त्यामुळे कोणी उगाच टाकत नाही. ही सोय चितपटीलाही असावी आणि पंच जी चित्रफीत पाहतात ती त्याच क्षणी मोठ्या पडद्यावर लोकांनाही दिसावी. पंच खोटा असेल तर उघडा पडेल, खरा असेल तर वाचेल. आणि तिसरे, जिथे वेळ आहे तिथे, म्हणजे निवड चाचणीत, एका गुणाच्या वादावर पतियाळ्याच्या महाराजांचा उपाय करावा. पुन्हा जोड लावावी. यावर कोणी म्हणेल, असे केले तर प्रत्येक हरलेला पुन्हा जोड मागेल. मागू द्या. वादाचा गुण एकच असेल तरच द्यायची, एवढी अट पुरे.

हे सगळे लिहिताना आमच्या जिल्ह्याची एक कुस्ती सारखी आठवत होती. जानेवारी २०२०, बालेवाडी. नाशिक जिल्ह्याकडून लढणारा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांच्या तालमीतले, रोज एकमेकांशी घुमणारे. निकाल ३-२, म्हणजे पुन्हा तोच एक गुण. गदा नाशिक जिल्ह्यात पहिल्यांदा आली. निकालानंतर हर्षवर्धनने शैलेशला खांद्यावर उचलून घेतले आणि गादीभर फिरवले. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. शेळके यांच्या बाजूने त्या एका गुणाबद्दल कोणी काही बोलल्याचे माझ्या वाचनात आले नाही. एका तालमीतले म्हणून, की गुण खरेच स्वच्छ होता म्हणून? आपल्यापैकी कोणी ती कुस्ती बालेवाडीत बसून पाहिली असेल तर जरूर कळवा. विशेषतः तो तिसरा गुण कसा गेला, ते.